कायचिकित्सेचा विद्यार्थी आणि रिकामी खाट

आयुर्वेदाच्या पदवी अभ्यासक्रमात कायचिकित्सा हा विषय शेवटी ठेवला आहे, त्यामागे निश्चित विचार आहे. रचनाशारीर, क्रियाशारीर, द्रव्यगुण, भैषज्यकल्पना, रोगनिदान हे विषय विद्यार्थी आधीच्या वर्षांत निरनिराळ्या कप्प्यांत शिकतो. कायचिकित्सेत ते सारे कप्पे एकाच रुग्णाच्या देहात एकदम उघडतात. अग्नी, दोष, दूष्य, स्रोतस, बल, सात्म्य यांचा विचार एकाच वेळी, एकाच माणसासंबंधी आणि तोही तो माणूस समोर कण्हत असताना करावा लागतो. हे कौशल्य फळ्यावरून येत नाही, पाठांतराने येत नाही आणि मोबाइलवरील चित्रफितींनी तर मुळीच येत नाही. ते रुग्णाच्या खाटेशेजारी उभे राहून येते. मराठवाड्यातून दरवर्षी बाहेर पडणाऱ्या नव्या पदवीधरांपैकी अनेकांनी मात्र, दाखल झाल्यापासून घरी जाईपर्यंत, एकही रुग्ण सलग पाहिलेला नसतो. या वस्तुस्थितीची जबाबदारी आपण सोयीस्करपणे महाविद्यालयांवर टाकून मोकळे होतो. तिचे निम्मे उत्तर या त्रैमासिकाच्या वाचकांच्या हाती आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे व तेच येथे मांडावयाचे आहे.

मुदखेडसारख्या तालुक्याच्या गावी नवा दवाखाना थाटण्यापूर्वी तरुण वैद्य सल्ल्यासाठी येतात. मुले हुशार असतात. नांदेड आणि लातूर ही प्रवेशपरीक्षांच्या तयारीची केंद्रे. 'लातूर पॅटर्न'मधून तावून-सुलाखून आलेल्या या मुलांची स्मरणशक्ती आमच्या पिढीपेक्षा कमी तर नाहीच, कदाचित अधिकच असेल. ज्वराची संप्राप्ती विचारा, ते अस्खलित सांगतात. परंतु ज्वराच्या रुग्णाची जिव्हा चौथ्या दिवशी कशी दिसली, लंघन केव्हा थांबविले, पेया सुरू केल्यावर नाडीत काय फरक जाणवला, असे विचारले की ते एकमेकांकडे पाहू लागतात. त्यांना उत्तर आठवत नाही असे नव्हे; त्यांनी तो चौथा दिवस पाहिलेलाच नाही. बाह्यरुग्ण विभागात रुग्ण एकदा दिसतो, औषध घेऊन जातो, पुन्हा येतो तेव्हा दुसऱ्याच विद्यार्थ्याची पाळी असते. रोगाचा पहिला दिवस पाहिलेल्याला त्याचा शेवट ठाऊक नसतो आणि शेवट पाहणाऱ्याला आरंभ.

आपल्या शास्त्रकारांना हा धोका पूर्ण ठाऊक होता. वैद्याच्या गुणांची गणना करताना चरकाचार्यांनी शास्त्रज्ञानाच्या लगेच पाठोपाठ वारंवार प्रत्यक्ष कर्म पाहण्याला स्थान दिले. विमानस्थानात अध्ययन व अध्यापन यांच्याबरोबर तद्विद्यसंभाषा हाही ज्ञानाचा उपाय सांगितला. वॉर्डातील सकाळचा राउंड म्हणजे याच संभाषेचे आजचे रूप, असे आम्ही समजतो. सुश्रुताचार्यांनी तर कोहळा, भोपळा यांवर छेदनाचा अभ्यास करवून घेण्याची योग्या सांगून ठेवली. म्हणजे हात आणि डोळे यांचे शिक्षण हे काही पाश्चात्त्यांकडून उसने घेतलेले खूळ नव्हे.

तथापि गुरुकुलाचे गोडवे गाऊन हा प्रश्न सुटेल, असे मानणाऱ्यांशी आमचा मतभेद आहे. वैद्याच्या घरी राहून खल घोटीत शिकलेल्या शिष्याला रुग्ण भरपूर पाहावयास मिळत, हे खरे. परंतु त्याला एकाच गुरूचे रुग्ण, एकाच गुरूची पद्धती आणि पुष्कळदा गुरूने सांगितले तेवढेच योग मिळत. हातचा एखादा पाठ मुलाखेरीज कोणाला न देणारे वैद्य आपल्याकडे होऊन गेले. महाविद्यालयाला जोडलेले रुग्णालय ही कल्पना याच मर्यादेवरचा उपाय म्हणून आली. पुण्याचे टिळक आयुर्वेद महाविद्यालय १९३३ मध्ये सुरू झाले, त्याच्या अध्यापनाला ताराचंद रामनाथ रुग्णालयाचा आधार मिळाला. मुंबईत वरळीला १९४१ मध्ये पोदार महाविद्यालय आले, तेही रुग्णालयासह. पूर्वसूरींनी आधी खाटा मोजल्या, मग वर्गखोल्या.

आधुनिक वैद्यकालाही हे शहाणपण उशिराच सुचले, हे लक्षात घ्यावे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत अमेरिकेतील बहुतेक विद्यार्थी व्याख्याने ऐकून डॉक्टर होत. विल्यम ऑस्लर यांनी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात १८९० च्या दशकात विद्यार्थ्यांना वॉर्डात आणले, प्रत्येकाला ठराविक रुग्ण नेमून दिले व त्यांची नोंद ठेवण्याचे काम सोपविले. पुढे अब्राहम फ्लेक्सनर यांनी अमेरिका व कॅनडातील १५५ वैद्यकीय विद्यालये पाहून १९१० मध्ये अहवाल दिला. त्यानंतर प्रयोगशाळा व रुग्णालय नसलेली अनेक विद्यालये बंद पडली किंवा इतरांत विलीन झाली. आज मेडिसिन विभागाचा जो दरारा आपण पाहतो, तो या खाटेशेजारच्या शिक्षणातून आलेला आहे. केवळ औषधांतून आलेला नाही.

आता आपल्या भागाकडे पाहू. नांदेडला शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे, त्याचे रुग्णालय आहे, आणि त्याच शहरात शासकीय आयुर्वेदिक व युनानी रसशाळाही आहे. विद्यार्थी, रुग्ण आणि औषधनिर्मिती तिन्ही एका शहरात असणे ही राज्यात फार थोड्या ठिकाणी आढळणारी अनुकूलता होय. लातूरला मांजरा आयुर्वेद महाविद्यालय आहे. किनवट-माहूरच्या जंगलातील वनौषधी, वसमत-नांदेड पट्ट्यातील हळद, आमच्या मुदखेड तालुक्यातील गुलाबाची शेती हे सर्व हाताशी आहे. (आमच्या गावच्या गुलाबाचा गुलकंद आमच्याच गावात किती होतो, हा प्रश्न औषधनिर्मात्यांनी स्वतःला विचारावा, येथे त्याचा विस्तार करीत नाही.) विद्यापीठाचा प्रश्नही मिटलेला आहे. १९९८ मध्ये नाशिकला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले व सर्व पॅथींच्या महाविद्यालयांना एक छत्र मिळाले. आमची पिढी त्या विद्यापीठाच्या सुरुवातीच्या तुकड्यांतली. परीक्षा वेळेवर होऊ लागल्या, निकालात शिस्त आली, हे मान्य करावयास हवे. परंतु विद्यापीठ परीक्षा घेऊ शकते. रुग्ण आणून देऊ शकत नाही.

रुग्णालयात दाखल केलेला एक रुग्ण विद्यार्थ्याला काय देतो, हे आमवाताच्या उदाहरणाने सांगतो. माधवनिदानात स्वतंत्र व्याधी म्हणून मांडला गेलेला हा आजार आपल्या ओपीडीत रोजचा आहे. शेतात राबणारी पस्तीस-चाळीस वर्षांची स्त्री येते. मनगटे व बोटांचे सांधे सुजलेले, सकाळी तासभर मूठ वळत नाही, अंगात बारीक कणकण, तोंडाला चव नाही. पुस्तकात वातव्याधी वाचलेल्या विद्यार्थ्याचा पहिला विचार येतो तेलाचा. सांधा दुखतो, वात आहे, मग अभ्यंग करा. अशा वेळी अध्यापकाने त्याला थांबवून जिव्हा पाहावयास सांगावी. जिव्हेवर पांढरा जाड थर, पोट जड, मल चिकट. हा साम रुग्ण. आज तेल लावले तर उद्या ठणका वाढेल. म्हणून लंघन, शुंठीसिद्ध जल आणि वालुकेची पोट्टली, म्हणजे रूक्ष स्वेद. दोन-तीन दिवस विद्यार्थी रोज सकाळी त्याच खाटेशी जातो, तीच जिव्हा पाहतो, तीच मूठ वळवून घेतो. कधी चौथ्या, कधी सातव्या दिवशी थर पातळ होतो, रुग्ण आपण होऊन भाकरी मागते, सकाळचा ताठरपणा तासावरून पाव तासावर येतो. आता एरंडस्नेह, मग रास्नासप्तकाचा क्वाथ, सिंहनाद गुग्गुळ, पुढे बस्तीचा विचार. साम आणि निराम यांतील फरक या विद्यार्थ्याला जन्मात कोणी विसरायला लावू शकणार नाही. हाच धडा वर्गात दहा वेळा सांगितला तरी तो केवळ परीक्षेतील पाच गुणांचा प्रश्न ठरतो.

याच खाटेवर तो आणखीही काही शिकतो, आणि ते अधिक महत्त्वाचे आहे. या स्त्रीने येण्यापूर्वी वर्षभर कोठून तरी 'सांधेदुखीच्या पुड्या' घेतल्या आहेत काय, हे तिला विचारावे लागते. चेहरा गोल झालेला, त्वचा पातळ, रक्तदाब वाढलेला दिसला तर त्या पुडीत स्टेरॉइड असण्याचा संशय घ्यावा लागतो; आणि आपले औषध सुरू करण्याच्या उत्साहात ते एकाएकी बंद केले तर रुग्णाच्या जिवावर बेतू शकते, हेही कळावे लागते. ईएसआर, सीआरपी, आरए फॅक्टर यांचे अहवाल वाचता यावे लागतात. वाकडी झालेली बोटे कोणत्याही गुग्गुळाने सरळ होणार नाहीत, हे रुग्णाला स्पष्ट सांगता यावे लागते. आणि समजा रुग्ण पस्तीस वर्षांची स्त्री नसून बारा वर्षांचा मुलगा असेल, घसा दुखल्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी ताप व एका सांध्यातून दुसऱ्यात जाणारी सूज घेऊन आला असेल, तर? ग्रंथातील लक्षणे जुळतील, परंतु तेथे स्टेथोस्कोप हृदयावर ठेवलाच पाहिजे. तो संधिवाताचा ताप असू शकतो, त्यात हृदयाच्या झडपा कायमच्या निकामी होतात, आणि त्या मुलाला पेनिसिलिनसाठी वेळेत पाठविणे हे वैद्याचे कर्तव्य आहे. आमवात या एका शब्दाखाली हे दोन अगदी वेगळे रुग्ण उभे असतात. ते वेगळे ओळखण्याची दृष्टी पुस्तकाच्या पानावर मिळत नाही.

प्रश्नपरीक्षेचेही तसेच. आमच्याकडे रुग्ण संहितेच्या भाषेत बोलत नाही. 'पोटात गुबारा धरला', 'अंग मोडून आलं', 'छातीत कालवतंय', 'डोळ्यापुढं अंधारी येती' असे तो सांगतो. भोकर-किनवटकडचा बंजारा रुग्ण आपल्या बोलीत, देगलूर-धर्माबादकडचा तेलुगू मिसळून, तर शहरातील मुसलमान भगिनी दखनीत सांगतात. यातील कोणता शब्द म्हणजे आध्मान, कोणता हृल्लास आणि कोणता भ्रम, हे विद्यार्थ्याने वॉर्डात रुग्णाजवळ बसून शिकावयाचे असते. पाच मिनिटांच्या ओपीडीत ते साधत नाही. आजकाल नाडीचे फार कौतुक झाले आहे. रुग्ण हात पुढे करतो आणि 'ओळखा' म्हणतो. तरुण वैद्यही त्या मोहात पडतो. अष्टविध परीक्षेतील उरलेल्या सात परीक्षा जणू त्या एका मनगटात विरघळून गेल्या! ज्याने शंभर रुग्णांची नाडी आजार चढताना व उतरताना रोज पाहिली, त्याने नाडीवर बोलावे. इतरांनी आधी प्रश्न विचारावेत.

आपला पदवीधर पुढे कोठे उभा राहणार आहे, याचाही विचार करावा. २०१४ पासून राज्यात '१०८' क्रमांकाची आपत्कालीन सेवा ९३७ रुग्णवाहिकांसह सुरू झाली. तिच्यात काम करणाऱ्या डॉक्टरांमध्ये बीएएमएस पदवीधर मोठ्या संख्येने आले. सहा महिन्यांचा सेतू अभ्यासक्रम करून आपली अनेक मुले-मुली समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून उपकेंद्रांवर बसली. वाडी-तांड्यावरचा खासगी दवाखाना तर बहुधा आपलाच. याचा अर्थ असा की, फवारणी करताना कोसळलेला शेतकरी, सर्पदंश झालेली मजूर स्त्री, पावसाळ्यातील तापात अंगावर लाल पुरळ आलेले मूल आणि 'अ‍ॅसिडिटी झाली' म्हणून छाती चोळीत आलेला पन्नाशीचा मधुमेही, हे सर्व प्रथम आपल्या पदवीधरासमोर येणार. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकाच्या फवारणीने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. बारीक झालेली बाहुली, तोंडाला लाळ, घाम, मंद नाडी ही लक्षणे क्षणात ओळखणारा माणूस गावात असणे म्हणजे काय, हे त्या वर्षाने दाखविले. अम्लपित्ताचे निदान करण्यापूर्वी इसीजी काढावा हे ज्याच्या मनात येत नाही, त्याच्या हाती कामदुधा देण्यात धोका आहे. औषध कितीही उत्तम असो.

२६ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधील एका प्रकरणात निकाल दिला की, शासकीय सेवेतील आयुर्वेद चिकित्सकांना एमबीबीएस डॉक्टरांइतकेच वेतन मागता येणार नाही, कारण दोघांचे काम सारखे नाही. तातडीची सेवा, अपघातातील जखमींवरील उपचार, शस्त्रक्रियेतील सहाय्य या गोष्टींचा न्यायालयाने उल्लेख केला. आपल्या वर्तुळात त्यावर पुष्कळ संताप व्यक्त झाला, निवेदने निघाली. संताप समजण्यासारखा आहे. परंतु निवेदनाने निकालातील कारणे बदलत नाहीत. आपला पदवीधर अत्यवस्थ रुग्ण ओळखतो, त्याला स्थिर करतो व योग्य ठिकाणी पाठवितो, आणि शिवाय जीर्ण व्याधींत जे इतरांना साधत नाही ते साधून दाखवितो, हे जेव्हा सर्रास दिसेल तेव्हाच त्या कारणांचा जोर ओसरेल. त्याची सुरुवात वॉर्डातच होऊ शकते.

मग वॉर्डाची अवस्था काय? केंद्रीय परिषदेच्या २०१६ च्या किमान निकषांनुसार ६० विद्यार्थ्यांच्या प्रवेशक्षमतेस ६० खाटा व १०० विद्यार्थ्यांस १०० खाटा आवश्यक होत्या, आणि वर्षभरात सरासरी किमान ४० टक्के खाटा भरलेल्या असणे पुरेसे मानले होते. साधा हिशेब करा. साठ खाटांचे चाळीस टक्के म्हणजे चोवीस रुग्ण. ते चोवीस कायचिकित्सा, पंचकर्म, शल्य, शालाक्य, स्त्रीरोग, बालरोग अशा सर्व विभागांत वाटलेले. समोर अंतिम वर्षाचे साठ विद्यार्थी आणि तितकेच आंतरवासी. म्हणजे निकष काटेकोर पाळला तरी एका रुग्णामागे पाच विद्यार्थी! आणि सर्वत्र तो काटेकोर पाळला जातो असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. तपासणीच्या दिवशी अचानक भरणारे आणि दुसऱ्या दिवशी रिकामे होणारे वॉर्ड ही गोष्ट आपल्यापैकी कोणाला नवी नाही. पुढे परिषदेची जागा राष्ट्रीय आयोगाने घेतली, २०२४ मध्ये नवे विनियम आले, बायोमेट्रिक हजेरी आली. हे सर्व स्वागतार्ह आहे. परंतु यंत्र एवढेच सांगते की, विद्यार्थी इमारतीत आला होता. तो खाटेशी गेला काय, हे यंत्राला कळत नाही. २०२० च्या कायद्यात राष्ट्रीय निर्गम परीक्षेची तरतूद आहे. तिच्यातही प्रश्नपत्रिका असेल, आणि प्रश्नपत्रिका म्हटली की आमच्या भागात शिकवणी वर्ग आधी निघतील व वॉर्ड मागे राहील, ही भीती आम्हांस वाटते.

आंतरवासितेचे वर्ष तरी या उणिवा भरून काढील, अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात त्या बारा महिन्यांतील दुपार पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेच्या पुस्तकांत जाते आणि रात्र एखाद्या खासगी रुग्णालयात निवासी डॉक्टर म्हणून जाते. तेथे तो काय शिकतो? सलाइन लावणे, इंजेक्शन देणे, मोठे डॉक्टर फोनवरून सांगतील ते लिहून घेणे. यातील काही कौशल्ये उपयुक्त आहेत, ती नाकारत नाही. परंतु का दिले, केव्हा थांबवावयाचे, हे त्याला कोणी सांगत नाही. आयुर्वेदाचा पदवीधर म्हणून त्याच्याकडे कोणी पाहत नाही. स्वस्तात मिळणारे दोन हात एवढीच त्याची किंमत होते. दिवसा झोपेने जड झालेल्या डोळ्यांनी तो महाविद्यालयाच्या रुग्णालयात हजेरी देऊन जातो. विद्यावेतन वेळेवर मिळत नाही, घरची परिस्थिती बेताची असते, ही कारणे खरी आहेत. म्हणून मुलांना दोष देण्यात अर्थ नाही.

आता व्यावसायिक वैद्यांचा वाटा. महाविद्यालयाच्या रुग्णालयातील खाटा रिकाम्या का राहतात? रुग्ण नाहीत म्हणून नव्हे. आपल्या प्रत्येकाच्या दवाखान्यात आमवात, पक्षाघात, ग्रहणी, श्वास, कामला, त्वचाविकार यांचे असे रुग्ण नेहमी असतात, ज्यांना पंधरा दिवस दाखल करून उपचार केल्यास लाभ होईल. आपण त्यांना महिनोन्महिने ओपीडीतच औषध देत राहतो. रुग्ण एकदा दुसऱ्या दारात गेला की परत येत नाही, अशी भीती असते. 'तिथे विद्यार्थी प्रयोग करतात' असेही सांगितले जाते. आम्ही गेली काही वर्षे निवडक रुग्णांना चिठ्ठी देऊन नांदेडला पाठवीत आलो आहोत, आणि त्यांतील बहुतेक पुढील उपचारासाठी आमच्याकडेच परत आले. कारण त्यांचे घर येथे आहे, उधारी येथे चालते आणि पथ्याची आठवण करून देणारा माणूस येथे आहे. अडचण एकच येते. रुग्ण परत येतो तेव्हा त्याच्याजवळ काय दिले, किती दिले, काय लाभ झाला याचा धड कागद नसतो. रुग्णालयाने पाठविणाऱ्या वैद्याच्या नावे एक पानाचे उत्तर लिहिले, आणि ते उत्तर त्या रुग्णाची जबाबदारी असलेल्या विद्यार्थ्यानेच अध्यापकाच्या देखरेखीखाली लिहिले, तर विद्यार्थ्याचाही अभ्यास होईल आणि आपलाही विश्वास वाढेल. काळाचेही भान ठेवावे. सुगीत कोणी शेतमजूर पंधरा दिवस खाटेवर राहणार नाही, त्याची मजुरी बुडते. उन्हाळ्यात शेतीची कामे थांबली की तो येतो. ज्या रुग्णांना वाट पाहणे शक्य आहे त्यांच्या चिठ्ठ्या होळीनंतर लिहाव्यात.

औषधविक्रेत्या व औषधनिर्मात्या बंधूंनी हा प्रश्न आपला नाही असे समजू नये. वॉर्ड न पाहिलेल्या पदवीधराची चिठ्ठी नीट पाहा. तीत दहा-बारा पेटंट गोळ्यांची नावे आलटून पालटून असतात, तीही मागच्या आठवड्यात जो प्रतिनिधी भेटून गेला त्याच्या कंपनीची. भरड काढा नाही, अनुपान नाही, औषधाचा काळ नाही. 'सकाळ-दुपार-संध्याकाळ एकेक' एवढेच. क्वाथाचे भरड तुमच्या बरणीत वर्षभर पडून राहते व शेवटी फेकावे लागते. ते गिऱ्हाईक नाही म्हणून नव्हे, लिहिणारा नाही म्हणून. तोच क्वाथ पंधरा दिवस रोज स्वतः उकळून रुग्णाला दिलेला, त्याने सूज उतरताना पाहिलेला विद्यार्थी पुढे तो निःशंकपणे लिहील. भांड्यात किती पाणी, किती उरवावयाचे, हे रुग्णाच्या बायकोला समजावून सांगेल. त्रिकटू मधातून द्यावयाचे की तुपातून, हे त्याला विचारावे लागणार नाही. नांदेड-लातूरच्या मोठ्या औषधी दुकानांनी वर्षातून दोन-तीन विद्यार्थ्यांना पंधरवडाभर गल्ल्यामागे उभे राहू द्यावे. निरनिराळ्या वैद्यांच्या चिठ्ठ्या वाचणे, भेसळीचा व जुना माल ओळखणे, एकाच कल्पाची चार कंपन्यांची चव व रंग तपासणे, हे शिक्षण त्यांना अन्यत्र कोठे मिळणार नाही.

आमच्या सूचना फार मोठ्या नाहीत. अंतिम वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने दाखल झाल्यापासून घरी जाईपर्यंत सलग पाहिलेल्या दहा रुग्णांची हस्तलिखित नोंदवही सादर करावी, आणि प्रात्यक्षिक परीक्षेत बाह्य परीक्षकाने त्या वहीतील कोणताही एक रुग्ण निवडून त्यावरच प्रश्न विचारावेत. अनोळखी रुग्णासमोर अर्धा तास उभे करण्यापेक्षा विद्यार्थ्याचे खरे ज्ञान यातून अधिक कळेल. आमवाताचा चौथा दिवस कसा होता, हे ज्याने पाहिले नाही त्याला ते रचून सांगता येत नाही. निदान दोन प्रश्नांपलीकडे टिकत नाही. आंतरवासितेतील ग्रामीण कालखंडात प्राथमिक आरोग्य केंद्राबरोबर, आयोगाच्या व विद्यापीठाच्या नियमांच्या चौकटीत, अनुभवी वैद्याच्या दवाखान्यात काही दिवस बसण्याची सोय व्हावी. आणि आपल्या सदस्यांनी आंतरवासितेच्या काळात विद्यार्थ्यास रात्रपाळीस ठेवू नये; ठेवावयाचेच असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला झोपू द्यावे, मग वॉर्डात पाठवावे.

यावर आक्षेप येतील, ते आम्ही आधीच ऐकले आहेत. अध्यापकांची पदे रिक्त आहेत, असलेल्यांवर कागदपत्रांचा बोजा आहे, खासगी महाविद्यालयांत वेतन अपुरे आहे. सर्व खरे. परंतु दहा रुग्णांच्या वहीला वेगळा निधी लागत नाही, चिठ्ठीला टपालाचाही खर्च लागत नाही; रुग्णाच्या हातीच ती जाते. 'आमच्या दवाखान्यात विद्यार्थी बसला तर रुग्ण संकोचतील' असे काही ज्येष्ठ वैद्य म्हणतात. आमचा अनुभव वेगळा आहे. विद्यार्थी शेजारी बसला की रुग्णाला आपल्या आजाराचा अधिक विचार होतो आहे असे वाटते, आणि वैद्यालाही प्रत्येक औषध का लिहिले ते मोठ्याने सांगावे लागते. स्त्रीरुग्णांच्या बाबतीत त्यांची संमती विचारावी, विद्यार्थिनी असावी, एवढे पथ्य पाळले की पुरे.

आपल्या संघटनेच्या नांदेड व लातूर येथील सदस्यांनी, प्रत्येकी किती विद्यार्थी व आठवड्यातील कोणते दिवस बसवून घेता येतील, याची यादी येत्या उन्हाळ्यापूर्वी महाविद्यालयांकडे द्यावी. मुदखेड हे जंक्शन आहे. नांदेडहून येथे पोहोचावयास आगगाडीने फार वेळ लागत नाही आणि दिवसभर गाड्या असतात. आठवडी बाजाराच्या दिवशी रुग्ण सर्वांत अधिक व सर्वांत निरनिराळे असतात. त्या दिवशी आमच्याकडे दोघांची सोय आहे, जेवण घरचेच.